वसतिगृहामागची येळवस

ये गं, अशी जवळ सरक. उंबऱ्यापाशी पाव्हण्यासारखी काय बसलीस? दोन वर्षांनी आजीकडं आलीस, अन् आल्या आल्या विचारतीस, या वयात वसतिगृहाच्या भाजीत कशाला राबतीस. कशापायी राबते ते ऐक आता. मोबाइल ठेव बाजूला.

मी अंबाजोगाईत मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होते. मागं चार गुंठे जागा पडीक होती, बाभळी माजलेल्या. पोरींनीच ती साफ केली, वाफे पाडले आणि आपली सहकारी सोसायटी काढली. कागदावर न्हाई, नुसती तोंडी. आठवड्यातून दोन दिवस प्रत्येकीनं हात लावायचा, भाजी मात्र सगळ्यांच्या ताटात. पावसाळ्यात दोडका-भेंडी, थंडीत मेथी-हरभरा. उन्हाळ्यात माती उन्हात तापू द्यायची आणि बियाणं राखेत घोळून गाडग्यात जपायचं.

मग दुष्काळ पडला. टँकर आठ दिवसांआड. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचे सर म्हणाले, येळवशीला येऊन बघतो; हिरवं दिसलं तर राहू द्या, न्हाई तर पत्रे टाकून तिथं गाड्या लावू. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, आपल्याकडं त्या दिवशी सगळं घर शेतात जाऊन जेवतं. पण निम्म्या पोरींचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. गावाकडं घराला कुलूप. त्या पोरींना येळवस करायला ते चार गुंठेच होते.

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, भिऊ नका, माझ्या आईचं घरामागचं परडं कायम भांडी धुतलेल्या पाण्यावर पिकलं. पोरींनी रोज मोरीतून बादल्या वाहिल्या. पंधरा दिवसांत मेथी पिवळी पडली, मग कडेनं करपली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आई भांडी राखेनं घासायची. आमच्या मोरीत साबणाच्या पावडरचा फेस होता.

त्या शेताची कारभारीण एक ऊसतोड्याची पोरगी होती, किरकोळ अंगाची, कमी बोलणारी. वाफ्यात उकिडवी बसली होती. मी म्हणलं, चुकलं माझं बाई. ती वर न बघता म्हणाली, "मावशी, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी इचारलं असतं."

लई लागलं मला ते. दुसऱ्या दिवशी पावडर बंद. चुलीतली राख चाळली आणि पोरींना घासायला बसवलं. कुरकुर तर विचारू नकोस. एक म्हणाली, हात असे काळे झाल्यावर नवरा काय म्हणंल? मी म्हणलं, त्यालाच लाव घासायला. पाणी हौदात निवळू द्यायचं आणि वरचं वरचं वाफ्याला. मेथीच्या जागी हरभरा पेरला, तो थोड्या ओलीवर आणि दवावर जगतो.

येळवशीला हरभरा वीतभर झाला होता. पोरींनी शेंडे खुडले. पण येळवशीची भज्जी म्हणजे पाला-शेंगांची मिसळ भाजी, नुसत्या हरभऱ्याची कुठं होते? ज्यांची घरं उघडी होती त्यांनी गावाकडून मेथीची पेंडी, तुरीच्या शेंगा आणल्या. कडब्याची खोपटासारखी कोप उभी केली, आंबिलाचं मडकं मांडलं. सर आले, मांडी घालून बसले, दोनदा भज्जी मागून घेतली आणि म्हणाले, हे सगळं इथलंच का?

मी हो म्हणायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात कारभारीण बोलली.

"हरभरा इथला हाय, सर. मेथी चौसाळ्याहून आणलेली. इथली आमी जाळली."

मावशीनं जाळली, असं म्हणाली न्हाई ती.

सरांनी भाकरीचा तुकडा वाटीत फिरवला, हरभऱ्याच्या वाफ्याकडं बघितलं. "पुढच्या येळवशीला मेथी बी इथलीच पाहिजे," म्हणाले. पत्र्यांचं नाव पुन्हा निघालं न्हाई.

तवापासून मेथीचा वाफा माझ्याकडं हाय. नोकरी सुटली, वाफा सुटला न्हाई. आताच्या पोरी तुझ्याच वयाच्या, त्यांना वाटतं ही म्हातारी वसतिगृहातलीच. तू उद्या जाशील. पण मेथी खुडायला आली की मी फोन करीन, तेव्हा परीक्षा-बिरीक्षा सांगू नकोस. आईला घेऊन लवकर ये.