गुलाबी बियाण्याची भाकरी

दुष्काळाच्या त्या सालात राहात्याजवळच्या आमच्या वस्तीवर पेरणी झालीच नाही. संकरित बाजरीचं आणलेलं बियाणं पिशवीतच राहिलं. मी आणि माझे यजमान रोज सकाळी सरकारी कामावर खडी फोडायला जायचो. घरी सासूबाई आणि काळी कुत्री.

सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यामुळे त्या कामावर येत नसत. कुत्री त्यांच्या बाजेखाली झोपायची. तव्यावरची पहिली भाकरी तिची, हा त्यांचा नेम होता. रेशनवर परदेशी लाल ज्वारीचा मिलो मिळू लागला आणि भाकऱ्या मोजून व्हायला लागल्या, तरी तो मोडला नाही. भाकरी फक्त लहान होत गेली.

एक दिवस पाण्याचा टँकर आला नाही म्हणून मुकादमानं दुपारीच काम बंद केलं. यजमान गावात गेले, मी एकटीच घरी आले. अंगणात घमेलं होतं, त्यात गुलाबी पाणी. चुलीपुढं सासूबाई बसलेल्या. कुत्री ॲल्युमिनियमची ताटली चाटत होती, आणि परातीत आणखी एक भाकरी होती.

"आत्याबाई, हे पाणी कसलं?"

"बियाणं धुतलं. रंग जाईस्तवर धुतलं बघ, चांगलं खळाखळा. उन्हात वाळवलं आन जात्यावर दळलं. पेरणीची येळ तर गेलीच."

रिकामी पिशवी भिंतीशी पडली होती. तिच्या तोंडाशी शिवलेली चिठ्ठी मी उलटी केली. आत कवटी आणि दोन हाडं छापलेली, खाली बारीक इंग्रजी अक्षरं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. बियाण्याला विष लावलंय, माणसांना किंवा जनावरांना खायला घालू नये, असं तिथं लिहिलं होतं.

मी वळले, तेव्हा सासूबाईंनी परातीतली भाकरी मोडून घास उचलला होता. मी त्यांचा हात धरला.

"आगं, काय करतीस?"

"विष आहे त्यात. इथं लिहिलंय."

त्यांनी चिठ्ठीकडं बघितलं. मग ताटली चाटणाऱ्या कुत्रीकडं.

"मंग मराठीत का न्हाई लिवलं?"

"ही भाकरी तुमच्यासाठी केली होती?" मी विचारलं.

"तुमी दोघं दगड फोडता," त्या म्हणाल्या. "मिलोची भाकरी तुमालाच पुरंना. मला काय, बसून तर ऱ्हायचं."

आम्ही कुत्रीच्या तोंडात मिठाचं पाणी ओतलं. थोडं उलटून पडलं, बाकीचं आतच राहिलं. संध्याकाळी तिचे मागचे पाय ओढायला लागले. सासूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, ते सकाळी आम्ही गार पडलेल्या कुत्रीला उचलून बाजूला घेईपर्यंत. यजमानांनी बांधाकडेला खड्डा खणला. उरलेलं पीठही त्यातच टाकलं आणि कुणी उकरू नये म्हणून वर दगड रचले.

त्यानंतर रोज सकाळी पहिली भाकरी तव्यावर फुगली, की उंबऱ्याशी नखं वाजायची. अगदी हलकी, शेणानं सारवलेल्या जमिनीवर वाजतात तशी. मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, थकव्यानं कान वाजतात. पण एकदा सासूबाई तव्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "थांब. गार हू दे."

मी वळून बघितलं. दारात कुणी नव्हतं. यजमान बाहेर जाऊन वस्तीला चक्कर मारून आले आणि जेवायला बसले. त्यांनाही ऐकू येत होतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या वस्तीवरून कुत्र्याचं एक पिल्लू आमच्याकडं आलं. म्हैस तर आम्ही कधीच विकली होती, दूध कुठलं? यजमानांनी त्याला खायला घालायला बेलापुराहून दोन पिशव्या आणल्या. सासूबाईंनी दोन्ही माझ्यापुढं ठेवल्या.

"वाच. समदं वाच."

पहिली कोंबड्यांच्या खाद्याची होती. मका, भुसा, मासळीचा चुरा असं वाचत मी शेवटच्या ओळीवर आले. तिथं कोंबड्यांना द्यायचं कसलंसं औषध लिहिलं होतं. "ही न्हाई," म्हणत त्यांनी पिशवी पायानं लांब सारली. दुसऱ्या पिशवीत भरडलेला गहू होता.

"गहू," मी म्हणाले.

"आन?"

"आणखी काही नाही."

"मागं बघ. शिवण उसव, आत बघ."

मी शिवण उसवली. आत काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी त्या गव्हाची पातळ पेज केली. पिल्लू ताटलीशी येऊन कुंईकुंई करायला लागलं. त्यांनी त्याला एका हातानं मागं धरलं, बोटं पेजेत बुडवली आणि आधी स्वतःच्या तोंडात घातली. मग पाठ भिंतीला टेकून, डोळे मिटून बसल्या.

"आत्याबाई, निवून चाललंय ते."

"चालू दे," त्या म्हणाल्या. "अजून थोडं बघू."