पाहुणा आणला, चहा मांडा

फुटबॉलचा मॅनेजर निवडावा तर माझ्या बायकोच्या काकांनीच. या कामातला असा दर्दी अख्ख्या चंद्रपूर-गडचिरोलीत सापडायचा नाही. माजरीच्या आमच्या कॉलनीतल्या क्लबचं पान काकाजींशिवाय हलत नाही. खाणीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेल्या या गृहस्थांनी जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही, ही गोष्ट वेगळी! उमेदवाराला ते फुटबॉलबद्दल चकार शब्द विचारत नाहीत. त्याला कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीला नेतात, समोर बसतात आणि बघत राहतात. हाक न मारता, नुसत्या नजरेनं ज्याच्या पानात वांग्याची भाजी दुसऱ्यांदा पडते, तो पास. "ज्याच्याकडे वाढपी पाहत नाई, त्याचं ते पोट्टे काय ऐकतीन?" काकाजी स्वतः प्रत्येक लग्नातून अर्धपोटी परत येतात आणि काकीजींना भात टाकायला लावतात. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "म्हणून तं मी मॅनेजर नाई झालो, जवाईबापू."

एकदा निवडला की तो मॅनेजर काकाजींच्या लेखी चुकूच शकत नाही. एका महाभागानं पोंभुर्ण्याच्या टीमविरुद्ध आपल्या गोलकीपरलाच पुढे खेळायला पाठवलं. पाच गोल खाल्ले. लोक चपला काढायच्या बेतात होते, आणि काकाजी शांतपणे सांगत होते, "प्लान बराबर होता. गोल जास्त झाले."

पण त्यांचं खरं काम मॅच हरल्यावर सुरू व्हायचं. मैदानाच्या गेटपासून कॉलनीपर्यंतच्या वाटेवर चहाची टपरी आहे, आणि तिथं बसलेली मंडळी हरलेल्या मॅनेजरची सालटी काढतात. काकाजी त्याच्यासोबत चालत निघायचे, टपरीच्या बाजूला स्वतः. वाटेत फुटबॉलचं नावसुद्धा काढायचं नाही. वांग्यावरची कीड, रस्त्यावर दिसलेला वाघ, कुणाच्या तरी जावयाची गाडी, काहीही चालेल. दारात पोचलं की आत मोठ्यानं आवाज द्यायचा, "बाई, पाहुणा आणला, चहा मांडा!" आपल्याच घरात माणूस पाहुणा होऊन शिरला, की त्याला मॅचचं कोण विचारतंय? मॅच जिंकली तर मात्र काकाजी मागच्या रस्त्यानं एकटे घरी. "जितलेल्याले माही काय गरज? सारी कॉलनी रायते त्याच्यासंग."

यंदा मॅनेजरची बदली झाली आणि दुसरा कुणी तयार होईना. कमिटीनं काकाजींच्याच गळ्यात माळ घातली. ते नको नको म्हणत राहिले, पंगतीचा दाखला दिला, कुणी ऐकलं नाही. पहिलीच मॅच सिरोंच्याच्या टीमशी. काकाजी इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. पोरांना काही सांगायला हात वर करायचे, पण एकानंही तिकडे पाहिलं नाही. चार गोलांनी हरलो.

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. मी आपला त्यांना स्कूटरवर नेणारा. पण मॅच संपल्यावर गेटपाशी ते चपलेचा पट्टा पुन्हा पुन्हा नीट करत रेंगाळले, टपरीकडे पाहिलं आणि पुन्हा खाली वाकले, तेव्हा मी स्कूटर तिथंच ठेवली आणि त्यांच्यासोबत चालू लागलो, टपरीच्या बाजूला स्वतः. कुणीतरी ओरडलंच, "काकाजी, वाढपी आला नाई का आज?" मी घाईघाईनं म्हणालो, "काकाजी, यंदा वांग्यावर लय कीड हाये म्हणते."

ते थांबले. माझ्याकडे पाहिलं. "जवाईबापू, तुमी मले घरी सोडून राह्यले का?"

मी चालतच राहिलो. थोडं चालून गेल्यावर तेच म्हणाले, "हं, कीड. सांगा."

दारात मी आवाज दिला, "काकीजी, पाहुणा आणला, चहा मांडा!" काकीजी बाहेर आल्या, काकाजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पदर सावरत म्हणाल्या, "या, बसा." काकाजी खरंच पाहुण्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसले. चहा अर्धा झाल्यावर हळूच विचारलं, "प्लान तं बराबर होता नं?"

"बराबर होता काकाजी," मी म्हणालो. "गोल जास्त झाले."