'आढळले नाही' लिहिण्यापूर्वी

गजभिये बाईंची आणि माझी पहिली भेट सूक्ष्मदर्शकापाशी झाली. गांधीबागेतल्या आमच्या धर्मादाय प्रयोगशाळेत मी मुलाखतीला गेलो होतो. बाईंनी माझी प्रमाणपत्रे बाजूला ठेवली, एक स्लाइड लावली आणि विचारले, "काय दिसून राहिलं गा?" मी छाती फुगवून म्हणालो, "जंताचं अंडं!" बाईंनी एकदा डोकावून पाहिले. "हवेचा बुडबुडा आहे तो," त्या म्हणाल्या, "उद्यापासून ये." मला कशासाठी घेतले, हे मी आजवर विचारलेले नाही. उत्तराची भीती वाटते.

बाई या महिन्यात पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत आणि सूक्ष्मदर्शकासमोरची खुर्चीही सोडत आहेत. पहिल्या बातमीचा आनंद आहे, दुसरीने माझी झोप उडाली आहे. मी स्वभावाने घाबरट आहे, हे आमच्या प्रयोगशाळेच्या परिवारात सर्वांना ठाऊक आहेच.

शौचाचा नमुना घेऊन येणारा माणूस अर्धा मेलेला असतो. डबी पिशवीत, पिशवी वर्तमानपत्रात आणि नजर जमिनीवर. एक निवृत्त मुख्याध्यापक तर डबी मिठाईच्या खोक्यात घालून आले होते. आम्ही तोंड लपवून हसत होतो. बाईंनी हातमोजे घालून ते खोके अदबीने घेतले, त्यांना बसायला खुर्ची दिली आणि शेतात अनवाणी फिरता का, याची चौकशी केली. ते गेल्यावर आमची जी हजेरी घेतली, ती इथे छापण्याजोगी नाही.

पण ज्या प्रसंगामुळे मी हा लेख लिहितो आहे, तो माझ्या चुकीचा आहे. दोन वर्षांपूर्वी काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत मजुरी करणारी एक बाई नवऱ्याबरोबर आली. पाचवा महिना, हिमोग्लोबिन साडेपाचवर आलेले, ओठ पांढरेफटक. रक्त जाते कुठे, हे तिथल्या डॉक्टरांना कळत नव्हते. अंकुशकृमी आहेत का, एवढे आम्ही सांगायचे होते. हे जंत मातीतून अनवाणी पायांवाटे शरीरात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात.

मी नमुन्याचा जाड थर स्लाइडवर पसरला, त्यावर ग्लिसरीनमध्ये भिजवलेले सेलोफेन दाबले आणि जेवायला गेलो. ग्लिसरीनने थर हळूहळू निवळतो, पाहायला सोपा जातो. परत आलो तर स्लाइड अशी नितळ की मीच खूश झालो. एकही अंडे नव्हते. 'आढळले नाही' असे लिहिले, सही केली आणि बाईंची वाट न पाहता अहवाल त्या जोडप्याच्या हाती दिला.

प्रत्येक 'आढळले नाही'ची स्लाइड स्वतः पाहायची, ही बाईंची शिस्त. त्या दिवशी त्यांनी पाहण्याआधीच विचारले, "लावली किती वाजता?"

"अकरा वाजून दहा."

"अन् पाहिली?"

"जेवून आल्यावर," मी म्हणालो. घड्याळात दीड वाजला होता. इतर जंतांची अंडी ग्लिसरीनमध्ये टिकतात. अंकुशकृमीच्या अंड्याचे कवच इतके पातळ की अर्ध्यापाऊण तासात ते दिसेनासे होते. हे बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवले होते.

त्या ओरडल्या नाहीत. "डबी कुठी आहे?" एवढेच म्हणाल्या. डबी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेली होती, पिशवीचे तोंड बांधलेले होते. मी ती सोडली. बाईंनी थेंबभर मिठाच्या पाण्यात नवी स्लाइड केली आणि मला पाहायला लावले. पातळ कवच, आत चार पेशी, भोवती स्वच्छ रिकामी जागा. एक, दोन, मग जिकडे सरकवावे तिकडे.

फॉर्मवर फोन नंबर नव्हता. त्र्याहत्तर वर्षांच्या बाई माझ्या स्कूटरवर मागे बसल्या आणि आम्ही बसस्थानक गाठले. गाडी सुटली असती, तर खोटा कागद डॉक्टरांच्या टेबलावर गेला असता आणि ती पोटुशी बाई रक्त गमावीत राहिली असती.

काटोलची गाडी फलाटावर लागलेली होती. बाईंनी दोघांना खाली उतरवले, कारण चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हती. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांग." मी सांगितले, की अहवाल चुकला, चूक माझी. नवऱ्याचा चेहरा तापला. "असं काहून केलं गा तुमी?" बायको मात्र बाईंकडे पाहत होती.

"सासू म्हणते, मी कामचोर आहो," ती म्हणाली. "म्हणजे मी कामचोर नाही ना वं बाई?"

"नाही वं माय. ते किडे तुहं रक्त पिऊन राहिले." मग नवऱ्याला, "घरी जाऊन आईले तूच सांग. इनं सांगितलं त पटणार नाही."

ती रडायला लागली. मीही मान फिरवली.

डॉक्टरांच्या औषधाने ती बरी झाली. तीन महिन्यांनी तिचा नमुना मी वेळेत पाहिला, बाईंनीही पाहिला आणि या वेळी 'आढळले नाही' हे खरे होते.

गेल्या आठवड्यात धीर करून मी बाईंना विचारले, "तुमच्यामागे माझ्या स्लाइडी कोण पाहणार?"

"सही करताना भीती वाटते ना?"

"वाटते."

"मंग ठीक आहे. ज्या दिवशी वाटणार नाही, त्या दिवशी मले फोन कर."

बाई, अजून तरी रोज वाटते. आपल्याला निरामय, दीर्घ आयुष्य लाभो. तो फोन करण्याची वेळ माझ्यावर कधी न येवो; आणि आलीच, तर तो उचलून मला झापायला आपण खुशाल असाव्यात.