न टोचता आलेला ताप

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी माझ्या भावाला सांगितले, की त्याच्या पाठीतली गाठ सार्कोमा आहे.

सार्कोमा म्हणजे मांसात किंवा हाडात होणारा कॅन्सर. आपल्याकडे कर्करोग म्हणतात तो. हा शब्द मी पुस्तकांतून वाचला होता, घरात कधी उच्चारला नव्हता. सदू, माझा धाकटा भाऊ, तेव्हा चोवीस वर्षांचा होता. अलिबागच्या कचेरीत तो कारकून होता आणि मी तिथल्याच मुलींच्या शाळेत शिकवत असे. मी लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी परतले होते. वडील नव्हते. जवळच्याच नागावला आई, सदू आणि मी, आणि घरामागची नारळी-पोफळीची वाडी, एवढाच आमचा संसार.

हे लिहायला मला वेळ लागला. ज्यांच्या घरी असले दुखणे येईल त्यांना काही उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे.

गाठ आम्हांला कळली ती सदूच्या कोटामुळे. श्रावणात कचेरीचा कोट उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली ताणू लागला. सदूने शिंप्याला नावे ठेवली आणि विषय संपवला. दुखत नव्हते, म्हणून आम्हीही काही केले नाही. दिवाळीला आईने त्याला तेल लावताना हात थांबवला. तिच्या तळव्यात मावणार नाही एवढी गाठ होती. न दुखता वाढणारी गाठ ताबडतोब दाखवावी, एवढे तरी वाचणाऱ्याने माझ्याकडून घ्यावे.

अलिबागच्या डॉक्टरांनी मुंबईची चिठ्ठी दिली. रेवसहून लाँचने गेलो. इस्पितळात क्ष-किरणांचे चित्र काढले, मग बायॉप्सी केली. बायॉप्सी म्हणजे गाठीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. निकाल येईपर्यंत आम्ही रोज त्याच बाकावर बसत होतो. शेजारच्या माणसाचे दुखणे विचारायचे नाही, असा तिथे अलिखित नियम होता. आई तो रोज मोडत असे.

पौषात शस्त्रक्रिया झाली. चैत्रात व्रणाच्या रेषेतच पुन्हा गाठ हाताला लागली आणि या वेळी ती भराभर वाढली. मुंबईचे मोठे डॉक्टर म्हणाले, "आता कापता येणार नाही. बरगड्यांना धरून बसली आहे."

मग त्यांनी टेबलावरचे कागद बाजूला सारले. "एक उपाय आहे. खात्रीचा नाही. अमेरिकेत एका सर्जनने पूर्वी पाहिलं, की असल्या गाठीच्या रोग्याला मध्येच धावरं झालं, म्हणजे जंतूंनी कातडी लाल होऊन सुजली, सणसणून ताप आला, तर कधीकधी गाठ विरघळते. म्हणून त्याने धावऱ्याचे जंतू मारून त्यांचं औषध केलं. टॉक्सिन म्हणतात त्याला. टोचलं की थंडी वाजते, ताप चढतो."

"आणि तापाने गाठ जळते?" मी विचारले.

"तापाने जळते, की तापाच्या निमित्ताने शरीर जागं होतं आणि तेच गाठीवर तुटून पडतं, हे मला ठाऊक नाही, बाई. मला दुसरं खरं वाटतं. परका जंतू आला की शरीर त्याला मारतं. पण ही गाठ त्याच्याच मांसाची. शरीर तिला घरची समजतं."

सदू तपासणीच्या खाटेवर पालथा पडून ऐकत होता. तो म्हणाला, "म्हणजे आमचा मोत्या. नारळ चोरणारा रोजच्या ओळखीतला असला, की शेपूट हलवत त्याला कुंपणापर्यंत पोचवून येतो."

डॉक्टर हसले. "तोच. त्या मोत्याला चिडवायचं आहे. एकदा तो भुंकायला शिकला, की पुढचं काम त्याचं."

मग ते आमच्या दोघींकडे वळले. "काहींची गाठ गेली आहे. बऱ्याच जणांची गेली नाही. पण करायचं ठरलं तर एक पाळा. ताप चढला की उतरवायचा नाही. गार पाण्याच्या घड्या नाहीत, काढा नाही, क्विनीन नाही. तो ताप हेच औषध आहे."

हे वाक्य मी नीट लक्षात ठेवले. मी शिक्षिका आहे. सांगितलेले नीट लक्षात ठेवायची मला सवय आहे.

पहिली सुई टोचल्यावर तासाभराने सदूला थंडी भरली. लोखंडी खाट फरशीवर खडखडू लागली. तीन कांबळी घातली तरी त्याचे दात वाजत होते. मग ताप चढला, डोळे लाल झाले. आमचा सर्वांत धाकटा भाऊ लहानपणी तापातच गेला होता. आईने पदर ओला करून सदूच्या कपाळावर ठेवला. परिचारिकेने तो काढला. आईने पुन्हा ठेवला.

"आई, पदर काढ," सदू कसाबसा बोलला. "एवढा समुद्र ओलांडून मिळवलेला ताप आहे. तू तो फुकट घालवू नकोस."

"जीव जाईल रे तुझा!"

"गेला तर डॉक्टरांशी भांड. आत्ता पदर काढ."

आई बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. सकाळी ताप उतरलेला होता आणि सदू पेज मागत होता.

एक दिवसाआड असे चालले. मात्रा हळूहळू वाढवत होते. ताप मनासारखा चढला नाही, तर डॉक्टर नाराज होत. पंधरवड्याने गाठ मऊ लागू लागली. ज्येष्ठ लागला तेव्हा आईने तिच्यावर तळवा ठेवला आणि सगळ्या बाजूंनी बोटे पाठीला टेकली. त्या दिवसापासून ती व्हरांड्यात जाऊन बसायची थांबली.

पावसाच्या आधी आम्हांला घरी सोडले. पुढच्या सुया अलिबागच्या डॉक्टरांनी दर शनिवारी नागावला येऊन टोचायच्या ठरल्या. त्या पावसाळ्यात आमच्या घरी तापाचे कौतुक सुरू झाले. शनिवारी संध्याकाळी शेजारणी दारातून विचारत, "आला का ग ताप? चांगला आला?" आणि आई अभिमानाने सांगे, "एकशे चार." आमच्या माडांवर चढणारा म्हातारा रामा सदूला म्हणे, "सदूभाऊ, जगाला ताप आला की रडत्यात, तुमच्याकडं पेढं वाटाय होवं. तुमचं समदं उफराटंच हाय."

"तुला देऊ का थोडा?" सदू विचारी.

"नको बा. माडावर थंडी भरली तं नारलावानी खाली यीन."

गाठ आता आईच्या तीन बोटांखाली झाकत होती. सदू जेवू लागला होता. कचेरीत कधी रुजू व्हायचे याबद्दल बोलू लागला होता. मागे पडलेल्या त्याच्या लग्नाची गोष्ट आईने पुन्हा काढली होती.

भाद्रपदात, गौरी गेल्यावर, एका बुधवारी दुपारी मी शाळेतून आले तर सदू कांबळी घेऊन कुडकुडत होता आणि हसत होता.

"ताई, ताप आला. न टोचता आला!"

मी थर्मामीटर लावला. एकशे तीनच्या वर होता.

"मोत्या शिकला," तो म्हणाला. "आता सुई नको नि काही नको. आपलं आपण भुंकायला लागला."

आईने देवापुढे साखर ठेवली आणि आम्हां दोघांच्या हातांवर घातली. मी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तो बरा होता. शुक्रवारी पुन्हा थंडी, पुन्हा ताप. आमच्याकडे पावसाच्या अखेरीस वाडीच्या पाटांत पाणी साचते, डास होतात, घरोघर हिवताप येतो. हे नागावातल्या पोरासोरांना माहीत असते. मलाही माहीत होते. मी त्याला विचारलेसुद्धा, "सदू, हा हिवताप तर नसेल?"

"असेना. ताप तो ताप. मोत्याला काय, कोणीही चिडवलं म्हणजे झालं."

त्याचे म्हणणे मला पटले. पटायला कारणही होते. युरोपात एका मेंदूच्या रोगावर मुद्दाम हिवताप देऊन उपचार करतात, असे मी एका मासिकात वाचले होते. मी ते सदूला सांगितले. तो म्हणाला, "बघ, तिकडे मागून घेतात, आणि आपल्याकडे चालत आला." हिवतापावरच्या क्विनीनची पुडी फडताळात होती. कोणी ती काढली नाही. एके काळी ओला पदर घेऊन धावणारी आई म्हणाली, "डॉक्टरांनी क्विनीन नको म्हटलंय ना? मग नकोच."

शनिवारी सुईचा दिवस होता. सदूने रामाला अलिबागला पाठवले. "डॉक्टरांना सांग, शिष्य तयार झाला. आज सुई नको." रामा जाऊन आला. त्या दिवसांत डॉक्टरांच्या दाराशी तापाच्या रोग्यांची रीघ होती. त्यांनी निरोप पाठवला, "ठीक आहे. पुढच्या शनिवारी पाहतो."

रविवारचा ताप सोमवारी उतरला नाही. सदू काहीतरी असंबद्ध बोलू लागला. मला कचेरीतला साहेब समजून रजा मागत होता. संध्याकाळी हाक मारली तरी ओ देईना. तेव्हा मी स्वतः बैलगाडी करून अलिबागला गेले आणि डॉक्टरांना घेऊन आले.

त्यांनी डाव्या बरगडीखाली हात घातला. स्प्लीन, म्हणजे प्लीहा, तिथे असते. हिवतापात ती वाढते. सदूची दगडासारखी लागत होती. त्यांनी बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, पण निकालाची वाट न पाहता शिरेतून क्विनीन दिले. "मेंदूपर्यंत गेलाय," ते म्हणाले. "मी शनिवारी यायला हवं होतं." आम्ही बोलावले नव्हते, असे मी म्हणाले. ते म्हणाले, "तरी यायला हवं होतं."

मंगळवारी सकाळी अंग पुसण्यासाठी आईने आणि मी सदूला कुशीवर वळवले. आईचा हात पाठीवरून फिरताना थांबला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला.

"कृष्णे, इथे हात लाव."

मी लावला. शस्त्रक्रियेच्या व्रणाची रेषा होती. तिच्याखाली सुपारीएवढेही काही नव्हते. मी जोराने दाबून पाहिले. बरगडी लागली.

आई त्याच्या कानाशी वाकली. "सदू, गेली रे. गाठ गेली." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "ऐकू जात नाहीये त्याला. उठला की सांगू."

तो त्याच दुपारी गेला.

काही महिन्यांनी मी मुंबईला जाऊन मोठ्या डॉक्टरांना भेटले. सगळे क्रमाने सांगितले.  गाठ हाताला लागत नव्हती, हे ऐकून ते उठून खिडकीपाशी गेले.

"कायमची गेली होती का?" मी विचारले.

"सांगता येत नाही. पुन्हा आली असती, किंवा नसती. आता ते कळायचा मार्ग नाही." मग म्हणाले, "क्विनीन नको, असं मी सांगितलं. वॉर्डात जो ताप येतो तो आमच्याच सुईचा असतो. तुम्ही कुठे राहता, याचा मी विचार केला नाही. आता प्रत्येकाला सांगतो, की सुईचा ताप दुसऱ्या सकाळी उतरला पाहिजे, आणि सुईवाचून एकही ताप आला तर त्याच दिवशी रक्त दाखवा."

हे त्यांचे शब्द मी जसेच्या तसे दिले आहेत. ज्यांना हे औषध घ्यायची वेळ येईल त्यांनी ते पाठ करावेत. मला त्या औषधाचा राग नाही. त्याने माझ्या भावाला एक चांगला पावसाळा दिला. माणसाच्या शरीरात असे काही आहे, की जे एकदा जागे झाले तर एवढी गाठ जिरवू शकते, हे मी माझ्या हाताने पाहिले आहे. ते कसे जागे होते आणि कशासाठी, हे पुढे कोणीतरी शोधून काढील. तोपर्यंत शरीर काय शिकले आणि काय नाही, हे आपण घरी बसून ठरवू नये. आम्ही तिघांनी ते ठरवले, आणि आनंदाने ठरवले. मला सर्वांत जास्त सलते ते हे, की ते दिवस आमच्या घरातले सुखाचे दिवस होते.

आता घरी आई आणि मी आहोत. वाडी खंडाने दिली आहे. कोणाच्या घरी ताप आला आहे असे बोलणे निघाले, की आई उठून आत जाते. मी बसून राहते आणि रक्त दाखवले का, ते विचारते.