नवी वायर
नव्या वायरच्या रबराचा वास आला की मला लातूरचं ते दुकान आठवतं आणि डोकं तापतं. वडिलांचा जुना रेकॉर्ड प्लेयर घेऊन ते आणि मी चाकूरहून गेलो होतो. आवाज दबलाय, असं ते वर्षभर म्हणत होते. दुकानदाराने आधी सुई बदलली होती, मग पट्टा, आणि त्या दिवशी परदेशी म्हणून एक जाड वायर लावली. माझ्या कानाला आवाज होता तसाच लागला. "काका, आता लई साफ झालाय बघा," तो वडिलांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, आणि मला कळलं की प्लेयर धड होता, वडिलांचे कान गेले होते, आणि या माणसाला ते माहीत होतं. "कानाच्या डॉक्टरकडे जा, एवढं सांगता आलं न्हाई तुम्हाला?" मी विचारलं. "गिऱ्हाईक म्हणतंय आवाज न्हाई, आम्ही पार्ट बदलतो," तो म्हणाला. मग मी अशी कडाडले की शेजारच्या दुकानातली माणसं दारात आली. वडील मात्र फिरत्या तबकडीकडे बघत होते. माझा दंड धरून म्हणाले, "ऐक की जरा, आता साफ लागतंय ना?" मी होकारार्थी मान हलवून 'हाव' म्हणाले. त्या एका 'हाव'साठी मी त्या दुकानदाराला अजून माफ केलेलं नाही.