शिंपी आळीचा थांबा

दुपारी जेवण झाल्यावर वृंदा जरा आडवी होते. डोळे मिटतात न मिटतात तोच अंगाखालचा दिवाण हलायला लागतो, आणि ती बसमध्ये असते.

पुढच्याच बाकावर अप्पा बसलेत. तिचे वडील, मागच्या वर्षी गेलेले. ते गेलेत हे तिला ठाऊक आहे, तरी आधी मनात येतं ते एवढंच, की आता पुन्हा वाद.

जुन्या गावातली शिंपी आळी अरुंद. मोटारी बाहेर ठेवायच्या, आत फक्त छोटी बस, दुचाक्या आणि पायी चालणारी माणसं, असा आराखडा वृंदानेच नगरपालिकेसाठी केला होता. दुकानदार खवळले, आणि सगळ्यांत पुढे चष्म्याच्या दुकानाचे अप्पा. दारात थांबा आला तर गिऱ्हाईक स्कूटर कुठे लावणार, म्हणून ते पोटच्या मुलीशी बोलेनासे झाले. शेवटी तिने कंटाळून थांबा पार मंडईच्या चौकात नेला. बस सुरू झाली, आळीतून न थांबता जायला लागली.

आताही ती आळीतूनच चाललीय. रस्त्यावर अप्पांच्या दुकानातल्या फरशा आहेत. भिंती इतक्या जवळ, की खिडकीतून हात घालून कुणाच्याही ओट्यावरचा चहा उचलावा. अप्पांचं दुकान येतं, मागे पडतं.

"अगं, मी उतरू कुठे?" अप्पा विचारतात.

"चौकात. तुम्हालाच इथे थांबा नको होता."

"तुझी आई चौकापासून दुकानापर्यंत चालत येते. गुडघे धरून, भर उन्हात."

वृंदाच्या डोक्यात तिडीक जाते. "हे तेव्हा का नाही सुचलं, अप्पा?"

"तेव्हा तिला सोडायला मी होतो ना, स्कूटरवर."

आता बस नाहीच. दोघं दुकानासमोर उकिडवे बसलेत, आणि अप्पा तिला पांढऱ्या फक्कीने थांब्याची रेघ कशी मारायची ते शिकवतायत. तिला, जिने हा रस्ता आखला. ती फक्कीचा डबा हिसकावून घेते, मूठ भरते आणि रेघ ओढते.

"वाकडी आलीय," अप्पा म्हणतात.

वृंदा जागी होते ती चरफडतच. तशीच ऑफिसात फोन लावते. थांबा आळीत आणायचा प्रस्ताव आजच तयार करा, दुकानदारांशी मी बोलते, असं सांगून टाकते. मग तोंड धुवायला बेसिनशी जाते.

नळाखाली हात धरते, तर बोटांवरून पांढरं पाणी वाहायला लागतं.