दोन लाइनी, एकच खड्डा

आष्टीच्या पोरांनो, जय भीम. हैदराबादहून लिहून राह्यलो, दवाखान्यातून.

मी आन् धाकटा भाऊ राहुल इथं इंटरनेटच्या केबलचं काम करतो, हे तुम्हाला माहीतच हाय. आज एका मोठ्या ऑफिसचं नेट बंद पडलं. तिथं दोन कंपन्यांच्या दोन लाइनी हायेत. रोजचं काम दोन्हींवर वाटलेलं असतं, आन् एक तुटली तर सगळा लोड दुसरी उचलते. आज दोन्ही एकदमच गेल्या. जाऊन पाह्यलं तर दोन्ही केबल एकाच नालीतून आणलेल्या. तिथंच खड्डा खणताना जेसीबीनं एका फटक्यात दोन्ही तोडल्या.

"लाइनी दोन घेतल्या आन् खड्डा एकच! लई हुशार लोकं हायेत गा," राहुल हसला.

मंग केबल जोडायला आम्ही दोघंबी त्याच खड्ड्यात उतरलो. सुपरवायझर वरून ओरडत होता, "जल्दी करो!" मी सामान घ्यायला वर आल्तो, तेवढ्यात बाजूची माती ढासळली. राहुल गळ्यापर्यंत गाडला गेला. हातानं उकरून काढला त्याला. जीव हाय, पण अजून डोळे उघडले न्हाईत.

आई रोज याच टायमाला फोन करते. आधी राहुलला, त्यानं न्हाई उचलला तर मला. एक तरी पोरगं बोलतंच, म्हणून ती गावात बिनघोर असते.

आज दोघांचेबी फोन माझ्याच हातात हायेत. त्याचा वाजून वाजून थांबला. आता माझा वाजून राह्यला.

सांगा भावांनो, काय सांगू तिला?